स्वप्नातून शाळेकडे : बेगम रुकय्या सखावत हुसेन



विज्ञानकथा म्हटली की ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स ही दोन नावे आपल्याला प्रथम आठवतात. मराठी वाचकाला त्यांच्या जोडीला डॉ. जयंत नारळीकर आठवतात. या मालिकेत एका मुस्लिम स्त्रीचे नाव फार पूर्वीच यायला हवे होते. परंतु आपल्याकडे ते अजून अनेकांच्या कानावरही गेलेले नाही. १९०५ साली ज्यूल व्हर्नचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासहून निघणाऱ्या ‘द इंडियन लेडीज मॅगझिन’ या इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज् ड्रीम’, म्हणजे ‘सुलतानाचे स्वप्न’, ही कथा प्रसिद्ध झाली. सूर्याच्या उष्णतेवर चालणारी स्वयंपाकघरे, ढगांतून नळावाटे खाली आणलेले पाणी, विजेच्या बळावर उडणारे वाहन आणि स्त्रियांनी चालविलेली विद्यापीठे अशा गोष्टी त्या कथेत होत्या. ती लिहिणारी स्त्री चोवीस-पंचवीस वर्षांची होती. ती बिहारमधील भागलपूर येथे परद्यात राहत होती आणि शिकण्यासाठी शाळेची पायरी तिने जन्मात कधी चढली नव्हती.

या स्त्रीचे नाव बेगम रुकय्या सखावत हुसेन. बंगाली उच्चाराप्रमाणे ‘रोकेया’. स्त्रीशिक्षणाच्या चळवळीतील एक थोर कार्यकर्ती म्हणून बंगालमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्ञान, समाज आणि श्रद्धा या तीन विषयांवर त्यांनी जो विचार केला तो आपल्या शिक्षणसंस्थांशी जवळचा आहे. म्हणून त्यांच्या चरित्राकडे आपण थोडे बारकाईने पाहू.

बालपण आणि चोरून मिळविलेली अक्षरे

रुकय्यांचा जन्म १८८० साली उत्तर बंगालमधील रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. वडील जहीरुद्दीन मुहम्मद अबू अली हैदर साबेर हे जमीनदार होते आणि अरबी-फारसीचे जाणकार होते. घरात ग्रंथ होते, विद्येला मान होता; परंतु ती विद्या मुलग्यांसाठी होती. रुकय्यांचे दोघे भाऊ कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. मुलींना कुराणशरीफचे पठण आणि थोडेफार उर्दू-फारसी एवढेच शिकविले जाई. बंगाली ही आसपासच्या रयतेची भाषा. खानदानी मुस्लिम घरातील मुलीने ती वाचणे-लिहिणे कमीपणाचे समजले जाई, आणि इंग्रजीचे तर नावच काढायला नको.

वयाच्या पाचव्या वर्षापासून या मुलीला परद्यात राहावे लागले, आणि तो परदा केवळ पुरुषांपासून नव्हता. घरात परक्या बायका आल्या तरी तिला दडून बसावे लागे. एकदा बिहारकडून आलेल्या दोन मोलकरणींपासून लपण्यासाठी तिला चार दिवस माळ्यावर काढावे लागले होते. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यात रडगाणे नाही. एवढ्याशा मुलीला दडवून ठेवण्यात धर्माचे कोणते रक्षण झाले, हा त्यांचा साधा प्रश्न आहे.

अशा घरात दोन व्यक्तींनी त्यांना ज्ञानाचे दार उघडून दिले. पहिली व्यक्ती त्यांची थोरली बहीण करीमुन्निसा. ही बहीण स्वतः धडपडून बंगाली शिकली होती आणि कविताही करीत होती. तिचे वाचनाचे वेड पाहून नातेवाईकांनी बोभाटा केला आणि लहान वयातच तिचे लग्न लावून दिले. दुसरी व्यक्ती थोरले बंधू इब्राहीम साबेर. रात्री घर निजले की मेणबत्तीच्या उजेडात ते धाकट्या बहिणीला इंग्रजी आणि बंगाली शिकवीत. आपली मुले दिव्याखाली उघडपणे अभ्यास करीत बसतात तेव्हा त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटत नाही. पण शिकणे ही ज्या घरात चोरून करण्याची गोष्ट होती, त्या घरातून ही लेखिका निर्माण झाली. पुढे ‘पद्मराग’ ही कादंबरी त्यांनी या भावाला अर्पण केली, आणि बंगालीचे ऋण मानून एक पुस्तक बहिणीला.

विवाह आणि लेखनाचा आरंभ

१८९८ च्या सुमारास रुकय्यांचा निकाह भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते बिजवर होते, वयाने बरेच मोठे होते आणि त्यांच्या घरची भाषा उर्दू होती. सामान्यतः अशा विवाहात मुलीचे शिक्षण संपते. रुकय्यांच्या बाबतीत ते वाढले. सखावत हुसेन इंग्लंडमध्ये शिकून आलेले उदार मनाचे गृहस्थ होते. पत्नीचे इंग्रजी सुधारावे, तिने लिहावे आणि लिहिलेले छापले जावे असा त्यांचा आग्रह असे. १९०२ च्या सुमारास रुकय्यांचे बंगाली लेख मासिकांतून येऊ लागले. थोड्याच काळात ‘मोतीचूर’ हा त्यांचा लेखसंग्रह निघाला.

‘सुलतानाचे स्वप्न’ कसे लिहिले गेले ती हकिकत मोठी बोलकी आहे. सखावत साहेब दोन दिवस दौऱ्यावर गेले होते. घरी एकट्या असलेल्या रुकय्यांनी वेळ घालविण्यासाठी ही गोष्ट इंग्रजीत लिहून काढली. परत आल्यावर पतीने ती उभ्याउभ्याच वाचून संपविली आणि पुरुषजातीचा चांगलाच सूड उगवला आहे, अशा आशयाचा शेरा मारला. मात्र त्यांना राग आला नव्हता. त्यांनी ते लेखन भागलपूरच्या इंग्रज कमिशनरला वाचायला दिले आणि पुढे ते मद्रासच्या मासिकाकडे गेले. या मासिकाच्या संपादिका कमला सत्यनाधन् यादेखील एक भारतीय स्त्रीच होत्या. १९०८ साली ही कथा कलकत्त्याहून पुस्तकरूपाने निघाली.

स्त्रियांच्या राज्याची कथा

आपण ही कथा वाचली नसेल तर तिचा गोषवारा थोडक्यात सांगतो. सुलताना नावाची स्त्री आरामखुर्चीत बसून हिंदुस्थानातील स्त्रियांच्या स्थितीविषयी विचार करीत असते. तेवढ्यात तिला सारा नावाच्या मैत्रिणीसारखी एक स्त्री भेटते आणि बाहेर फिरायला घेऊन जाते. सुलताना पाहते तो रस्त्यावर एकही पुरुष नाही. ती बुजते, संकोचते. तिला समजते की या देशात पुरुष मर्दान्यात बंद असतात आणि राज्यकारभार स्त्रिया पाहतात. रस्त्यावर चिखल-धूळ नाही, रेल्वेचे अपघात नाहीत, डासांचा उपद्रव नाही आणि गुन्हेही नाहीत.

हे राज्य आले कसे? वाचकहो, या कथेचे मर्म या प्रश्नाच्या उत्तरात आहे. या देशाची राणी विज्ञानाची भोक्ती होती. तिने फर्मान काढून सर्व मुलींना शिक्षण देण्याची व्यवस्था केली आणि एकवीस वर्षांपूर्वी कोणत्याही मुलीचे लग्न होऊ नये असे ठरविले. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठे निघाली. एका विद्यापीठाने आकाशातील पाणी साठविण्याचा फुगा शोधून काढला, दुसऱ्याने सूर्याची उष्णता गोळा करून साठविण्याचे यंत्र तयार केले. पुरुष त्या वेळी सैन्य वाढविण्यात गुंतले होते. त्यांनी या शोधांची थट्टा केली. पुढे शेजारच्या राज्यातून काही लोक आश्रयाला आले. राणीने त्यांना परत देण्याचे नाकारले म्हणून युद्ध पेटले. पुरुषांचे सैन्य हरले, जखमी सैनिक घरोघरी परतले. तेव्हा स्त्री-विद्यापीठाच्या प्रमुख विदुषीने पुरुषांना घरात जाऊन बसायला सांगितले आणि आपल्या विद्यार्थिनींना घेऊन ती रणांगणावर गेली. साठविलेल्या सूर्यप्रकाशाचा आणि उष्णतेचा झोत शत्रूवर सोडताच त्याची फौज पळून गेली. एकदा घरात गेलेले पुरुष मग घरातच राहिले.

ही कथा केवळ गमतीखातर लिहिलेली नाही. पुरुषांना कोंडून ठेवण्याची कल्पना वाचून एखादा पुरुष वाचक अस्वस्थ झाला, तर लेखिकेचा हेतू सफल झाला असे समजावे. अर्ध्या माणसांना कोंडून ठेवणे पुरुषांच्या बाबतीत अन्याय्य वाटते, तर स्त्रियांच्या बाबतीत ते स्वाभाविक का वाटावे, हे तिला विचारायचे आहे. पुरुषांचा मेंदू मोठा असतो या त्या काळच्या लाडक्या युक्तिवादाला सारा जे उत्तर देते त्याचा आशय असा की, हत्तीचा मेंदू माणसापेक्षा मोठा आहे, तरी माणूस हत्तीला साखळदंडाने बांधतो. बळ म्हणजे अधिकार नव्हे, हा धडा लेखिकेने हसतखेळत दिला आहे.

काळाचाही थोडा विचार करा. राइट बंधूंचे पहिले उड्डाण डिसेंबर १९०३ मधले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांच्या आत, हिंदुस्थानात विमान कोणी पाहिलेही नसताना, भागलपूरच्या जनान्यात बसलेली एक स्त्री उडत्या वाहनाची रचना सांगत होती. स्त्रियांच्या राज्यावरील ‘हरलँड’ ही शार्लट पर्किन्स गिलमन यांची प्रसिद्ध अमेरिकन कादंबरी १९१५ सालची, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी आलेली आहे. १९३० साली रुकय्यांना स्वतः विमानात बसण्याचा योग आला. विमान चालविणारा तरुण बंगाली मुसलमान होता. त्या सुमारे पन्नास मैलांच्या सफरीवर त्यांनी लेख लिहिला आणि पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेले स्वप्न खरे झाल्याचा आनंद त्यात नमूद केला.

ज्ञान म्हणजे काय?

आता त्यांच्या विचारांकडे वळू. रुकय्यांच्या दृष्टीने शिक्षण म्हणजे केवळ पदवी नव्हती आणि साहेबी रीतिरिवाजाची नक्कल तर मुळीच नव्हती. अल्लाहने माणसाला हात, पाय, डोळे, कान आणि विचारशक्ती दिली आहे. या शक्ती वापरून वाढविणे म्हणजे शिक्षण, आणि त्या न वापरता गंजू देणे म्हणजे दात्याच्या देणगीचा अपमान, असे त्या मानीत. पायाखालचा चिखल अडाणी डोळ्याला केवळ चिखल दिसतो. शास्त्राच्या डोळ्याला त्यात माती, वाळू, कोळसा आणि पाणी दिसते, आणि त्यातूनच नीलम, हिरा आणि दवबिंदू कसे घडतात ते उमगते, असे उदाहरण त्यांनी दिले आहे.

स्वयंपाकघरालाही त्यांनी कमी लेखले नाही. उत्तम गृहिणी व्हायचे तर अन्नाचे गुण कळण्यासाठी वैद्यक आणि रसायनशास्त्र यांची तोंडओळख हवी, असा त्यांचा सांगावा होता. ‘सौरजगत’ या लेखनात नऊ मुलींचा बाप आपल्या लेकींना सूर्यमालेची माहिती देतो आणि मुलींच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्या नातेवाइकाशी वाद घालतो. नऊ मुली झाल्या म्हणून कपाळाला हात लावण्याच्या त्या काळात, त्यांना ग्रहतारे दाखविणारा बाप रुकय्यांनी उभा केला, यातच त्यांच्या मनाची उंची दिसते.

समाज आणि परदा

‘अर्धांगी’ या लेखात त्यांनी समाजाला दोन चाकांच्या गाडीची उपमा दिली आहे. एक चाक मोठे आणि दुसरे लहान असेल तर गाडी पुढे जात नाही, त्याच जागी गोल फिरत राहते. पती सूर्य-ताऱ्यांचे अंतर मोजत असतो आणि पत्नी उशीच्या अभ्र्याची लांबी-रुंदी मोजत असते, अशा संसाराचे चित्र त्यांनी मार्मिक विनोदाने रेखाटले आहे. मुसलमान समाज मागे का पडला याचा शोध पुष्कळांनी घेतला. रुकय्यांचे उत्तर सरळ होते : अर्धा समाज बांधून ठेवल्यावर उरलेला अर्धा किती धावणार?

परद्याविषयी त्यांचे मत समजून घेताना मात्र सावध राहायला हवे. त्या स्वतः शेवटपर्यंत परदा पाळीत आणि बुरख्याच्या बाजूनेही त्यांनी लेख लिहिला आहे. अंग झाकणारा सभ्य पोशाख आणि माणसाला कोंडून ठेवणारा अवरोध या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा लढा दुसऱ्या गोष्टीशी होता. १९३१ साली निघालेल्या ‘अवरोधवासिनी’ या पुस्तकात त्यांनी अशा सत्तेचाळीस हकिकती सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक सासरकडील दूरच्या नात्यातील बाईंची आहे. बिहारमधील एका स्थानकावर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून त्या रुळांवर पडल्या. उचलायला धावलेल्या पुरुषांना सोबतच्या दासीने हात लावू दिला नाही. गाडी थोडा वेळ थांबली आणि मग सुटली. त्या बाई तासन्‌तास तळमळून मरण पावल्या. अशी मृत्यूची किंमत कोणत्या धर्माने मागितली आहे, असा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहतो.

शाळा

३ मे १९०९ रोजी सखावत हुसेन यांचे निधन झाले. रुकय्यांच्या दोन्ही मुली तान्हेपणीच गेल्या होत्या. तिशी गाठण्यापूर्वीच त्या एकाकी झाल्या. मुलींच्या शाळेसाठी पतीने दहा हजार रुपये वेगळे ठेवले होते. त्या पैशातून पाचच महिन्यांत, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, त्यांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. परंतु सासरच्या मालमत्तेच्या वादामुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. त्या कलकत्त्याला आल्या आणि १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला लेनमधील एका घरात आठ मुलींना घेऊन त्यांनी ‘सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल’ पुन्हा सुरू केले.

शाळा म्हणजे काय हे त्यांनी पाहिले नव्हते. म्हणून त्या कलकत्त्यातील इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसल्या आणि वर्ग कसा चालवितात ते शिकून आल्या. मुली मिळविण्यासाठी बुरखा घेऊन घरोघर फिरल्या. कुराणशरीफ अर्थासहित, भाषा, गणित, शिवणकाम, स्वयंपाक, प्रथमोपचार आणि शरीराचा व्यायाम असे सर्व त्या शाळेत होते. कलकत्त्यातील प्रतिष्ठित मुसलमानांची भाषा उर्दू असल्याने शाळेचे माध्यम उर्दू ठेवावे लागले. ज्या बंगालीसाठी त्यांनी रात्री जागविल्या होत्या, तिला स्वतःच्याच शाळेत जागा मिळवून देण्यासाठी त्यांना बराच काळ झगडावे लागले. घरची भाषा, दीनची भाषा आणि प्रांताची भाषा यांच्यातील ओढाताण महाराष्ट्रातील मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना नवी नाही.

शाळेच्या मोटारगाडीची हकिकत तर प्रत्येक संस्थाचालकाने वाचावी अशी आहे. मुलींना परद्यात आणण्यासाठी गाडी चारी बाजूंनी इतकी बंद केली होती की आत काळोख आणि गुदमर होई. लहान मुली घाबरून रडत, ओकत, बेशुद्ध पडत. त्यावर पालकांच्या तक्रारी आल्या. म्हणून झडपा काढून पडदे लावले. लगेच दुसऱ्या बाजूने पत्रे आली की, वाऱ्याने पडदे हलतात आणि गाडी बेपर्दा होते. सुधारणा झाली नाही तर वर्तमानपत्रांत लिहून मुलींना शाळेत जाण्यापासून रोखू. बंद केली तर मुली बेशुद्ध पडतात, उघडली तर शाळा बंद पडते, अशी ती कोंडी होती. रुकय्यांनी ती रोज सोसली, पण शाळा चालू ठेवली. त्यांच्या हयातीतच ती हायस्कूल झाली आणि पुढे सरकारी शाळा बनली.

१९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याच वर्षी रुकय्यांनी कलकत्त्यात ‘अंजुमन-ए-ख्वातीन-ए-इस्लाम’ ही मुस्लिम स्त्रियांची संघटना स्थापन केली. विधवांना मदत, गरीब मुलींचे शिक्षण आणि वस्त्यांतील स्त्रियांना अक्षरओळख ही कामे तिने केली. शाळा प्रामुख्याने खानदानी घरांतील मुलींची होती, ही तिची मर्यादा मान्य करायला हवी. अंजुमनच्या कामाने ती काही अंशी तरी ओलांडली.

श्रद्धेचा प्रश्न

आता सर्वांत नाजूक विषयाकडे येऊ. १९०४ साली ‘नवनूर’ मासिकात त्यांनी स्त्रियांच्या अवनतीवर लेख लिहिला. जेव्हा जेव्हा स्त्रीने डोके वर काढले, तेव्हा तेव्हा धर्माचे नाव घेऊन ते खाली दाबले गेले, आणि देवाची आज्ञा म्हणून जे सांगितले जाते त्यात पुरुषांचा हात दिसतो, अशा अर्थाचे कठोर विधान त्यात होते. मोठे वादळ उठले. तोच लेख ‘मोतीचूर’मध्ये घेताना त्यांनी त्यातील पाच परिच्छेद गाळले.

हे वाचून आपल्यापैकी काहींचे मन दुखावेल, तर काहींना त्यांनी माघार घेतली म्हणून वाईट वाटेल. पण ही गोष्ट झाकून ठेवून त्यांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझ्या मते येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, त्यांच्या रोषाचा रोख माणसांनी धर्माच्या नावाने उभ्या केलेल्या भिंतींवर होता. अल्लाहवरील त्यांची निष्ठा कधी ढळली नाही. त्यांच्या शाळेचा दिवस कुराणशिवाय पुरा होत नसे; मात्र ते पोपटपंचीने न म्हणता अर्थ समजून शिकावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. दुसरी गोष्ट ही की, शब्दांचा हट्ट धरून शाळा गमावण्यापेक्षा त्यांनी काही शब्द मागे घेतले आणि पुढे तेच म्हणणे धर्माच्याच आधाराने अधिक भक्कमपणे मांडले.

१९२६ साली बंगालच्या स्त्रीशिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात त्यांनी विरोधकांना हजरत पैगंबरांच्या (स.) शिकवणीचीच आठवण करून दिली. ज्ञान मिळविणे स्त्री आणि पुरुष दोघांवरही फर्ज आहे, मग मुलींना त्यापासून दूर ठेवणारे कोणाच्या आज्ञेचे पालन करतात, असे त्यांनी विचारले. पूर्वी अरबस्तानात मुलींना जिवंत पुरीत असत आणि इस्लामने ती अघोरी चाल बंद केली, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तेच मुसलमान आज आपल्या मुलींची बुद्धी आणि मन जिवंतपणी गाडीत आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यापेक्षा जहाल टीका कोणी केली असेल असे वाटत नाही, आणि यापेक्षा अधिक धर्मनिष्ठ टीकाही सापडणे कठीण आहे.

‘सुलतानाचे स्वप्न’ या कथेतही धर्म आहे. त्या राज्यातील लोकांचा धर्म प्रेम आणि सत्य यांवर उभा आहे. तेथे खोटे बोलणाऱ्याला देश सोडून जावे लागते, पण मनापासून पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा मिळते. राणीला दुसऱ्याची जमीन नको आहे, कोहिनूर नको आहे, मयूरासन नको आहे. तिला ज्ञानाच्या समुद्रात बुडी मारून निसर्गाने साठविलेली रत्ने हवी आहेत. विज्ञान आणि श्रद्धा एकमेकांचे शत्रू आहेत असे या लेखिकेला कधी वाटले नाही. सूर्याच्या उष्णतेवर भात शिजवावा आणि खरे बोलावे, या दोन्ही गोष्टी तिच्या राज्यात एकाच घरात नांदतात.

अखेर

९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे कलकत्त्यात बेगम रुकय्यांचे निधन झाले. त्यांच्या मेजावर स्त्रियांच्या हक्कांविषयीचा एक लेख अपुरा पडून होता. कलकत्त्याजवळील सोदपूर येथे त्यांचे दफन झाले. पुढे बांगलादेशात ९ डिसेंबर हा दिवस ‘रोकेया दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला, आणि रंगपूरला २००८ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला २००९ साली त्यांचे नाव देण्यात आले. ज्या जिल्ह्यात एका मुलीला चोरून अक्षरे गिरवावी लागली, त्याच जिल्ह्यात तिच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले.

वाचकहो, त्यांची थोरवी गाऊन आपण थांबलो तर या स्मरणाचा उपयोग नाही. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली तेव्हापासून महाराष्ट्रातील मुसलमानांनीही शाळा काढल्या, वसतिगृहे बांधली, शिष्यवृत्त्या दिल्या. आज आपल्या मुली शाळेत जातात, परीक्षांत पहिल्या येतात, त्यांची नावे स्मरणिकांत छापली जातात. तरी काही प्रश्न उरतातच. दहावीनंतर किती मुलींचे शिक्षण लग्नासाठी थांबविले जाते? प्रयोगशाळेतील काचेच्या नळीला मुलीचा हात लागतो, की ती केवळ वहीत आकृती काढते? कुराणशरीफचा अर्थ तिला तिच्या भाषेत समजावून दिला जातो का? मुलीने घरात एखादी शंका विचारली तर आपण उत्तर शोधतो, की तिला गप्प बसवितो?

रुकय्यांपाशी पैसा थोडा होता, माणसे त्याहून थोडी होती, आणि विरोध भरपूर होता. तरी पाच मुली मिळाल्या तेव्हा पाच मुलींची आणि आठ मिळाल्या तेव्हा आठ मुलींची शाळा त्यांनी काढली. अधिक मुली जमेपर्यंत थांबल्या नाहीत. आपल्यापैकी ज्याच्या घरात शिकणारी मुलगी आहे, त्याच्या हातून तिच्या शिक्षणाचे एक वर्ष जरी वाढले, तरी या थोर स्त्रीला वाहिलेली ती खरी आदरांजली ठरेल. अल्लाहतआला त्यांना मगफिरत देवो आणि त्यांनी सुरू केलेले हे काम पुढे नेण्याची तौफीक आपल्या सर्वांना देवो. आमीन.